गुरांना कोंडवाडा आहे, गाड्यांना नाही!

खासगी आवारात परक्याने उभी केलेली गाडी उचलण्याचा अधिकार नेमका कुणाला?

खास प्रतिनिधी

सकाळचे सात वाजले आहेत. आईला डायलिसिससाठी आठच्या आत इस्पितळात पोहोचवायचे आहे. चाकाच्या खुर्चीवरून तिला खाली आणावे, तर समोर दिसते ते असे : सोसायटीने आपल्याला नेमून दिलेल्या जागेसमोर एक अनोळखी मोटार आडवी उभी आहे आणि आपली गाडी तिच्यामागे अडकली आहे. वॉचमन सांगतो, 'रात्री कुणाकडे तरी पाहुणे आले होते, साहेब. वहीत नोंद नाही.' पोलिसांना दूरध्वनी केला की पहिला प्रश्न येतो, 'गाडी रस्त्यावर आहे की सोसायटीत?' 'सोसायटीत' असे उत्तर दिले की पलीकडचा स्वर बदलतो. 'मग तुम्ही आपसांत मिटवा.'

मुंबई, ठाणे, पुणे, नाशिक, नागपूर. शहर कोणतेही असो, असा प्रसंग ओढवला नाही असा गाडीमालक विरळाच. रस्त्यावरची गाडी वाहतूक पोलीस पाच मिनिटांत उचलून नेतात, हे आपण रोज पाहतो. मग आपल्याच आवारात, आपल्याच हक्काच्या जागेवर कुणी गाडी लावली तर ती का उचलली जात नाही? पोलीस उचलत नसतील तर सोसायटीने क्रेन मागवून ती बाहेर काढावी काय? जॅमर लावावा काय? निदान चाकातली हवा सोडावी काय?

शेवटच्या तिन्ही प्रश्नांचे उत्तर, संताप कितीही रास्त असला तरी, 'नको' असे आहे. ते तसे का आहे आणि मग करायचे तरी काय, हे समजून घेण्यासाठी कायद्याची थोडी उजळणी करावी लागेल.

गाडी उचलण्याचा अधिकार येतो कुठून?

टोइंगचा अधिकार पोलिसांना मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १२७ मधून मिळतो. सार्वजनिक ठिकाणी दहा तास वा अधिक काळ बेवारस किंवा लक्ष न देता सोडलेली गाडी, तसेच जेथे गाडी उभी करण्यास कायद्याने मनाई आहे अशा जागी लावलेली गाडी उचलून नेण्याचा किंवा तिला जॅमर लावण्याचा आदेश गणवेशातील, त्या हद्दीचा अधिकार असलेला पोलीस अधिकारी देऊ शकतो. सोडून दिलेली, मोडकी वा जळालेली गाडी वाहतुकीला धोका ठरत असेल, तर ती तत्काळ हलविण्याचा आदेशही त्याला देता येतो. उचलण्याचा खर्च गाडीमालकाकडून वसूल होतो. दंड वेगळा.

कलम १२२ हे त्याचे जोडकलम होय. इतरांना धोका, अडथळा किंवा अकारण त्रास होईल अशा तऱ्हेने सार्वजनिक ठिकाणी गाडी सोडू नये, असे ते सांगते. अशा साध्या उल्लंघनांसाठी कलम १७७ चा दंड लागतो. राज्यात डिसेंबर २०२१ पासून लागू झालेल्या सुधारित दरांनुसार तो पहिल्या वेळी ५०० रुपये आणि त्यानंतर प्रत्येक वेळी १,५०० रुपये आहे.

या साऱ्या तरतुदींचा आधार एकच शब्दप्रयोग आहे, तो म्हणजे 'सार्वजनिक ठिकाण'. 'जेथे कायद्याने मनाई आहे अशी जागा' या शब्दांत सोसायटीचे आवार बसवता येईल काय, असा प्रश्न कुणी विचारील. परंतु तेथे अभिप्रेत असलेली मनाई ही सक्षम प्राधिकाऱ्याने कायद्यान्वये केलेली मनाई होय. सोसायटीने भिंतीवर रंगविलेली 'नो पार्किंग'ची पाटी ही त्या अर्थाने कायद्याची मनाई ठरत नाही. पाटी निरुपयोगी आहे असे नव्हे. तिचा उपयोग वेगळा आहे आणि तो पुढे येईलच.

एक गोष्ट मात्र येथेच स्पष्ट केली पाहिजे. सोसायटीच्या फाटकासमोर, पण रस्त्यावर उभी असलेली गाडी हा पूर्णपणे पोलिसांच्या अखत्यारीतला विषय आहे. रस्त्यावरील वर्तनाच्या १९८९ च्या नियमांत कोणत्याही वास्तूचे प्रवेशद्वार अडेल अशी गाडी लावू नये, असे म्हटले होते. त्यांची जागा घेणाऱ्या २०१७ च्या केंद्रीय नियमांनीही ही मनाई कायम ठेवली आहे. त्यामुळे फाटक अडविणाऱ्या गाडीबाबत 'ते तुमचे आपसांतले' हे उत्तर ऐकून घेण्याचे कारण नाही. तेथे तक्रार करावी, छायाचित्र पाठवावे आणि गाडी उचलण्याचा आग्रह धरावा. अडचण सुरू होते ती फाटकाच्या आत.

फाटक म्हणजे लक्ष्मणरेषा काय?

कायद्याच्या व्याख्येप्रमाणे सार्वजनिक ठिकाण म्हणजे असा रस्ता, वाट किंवा जागा, जेथे जाण्याचा जनतेला हक्क आहे. जागेची मालकी कुणाची, हा निकष नाही. जाण्यायेण्याचा हक्क, हा निकष आहे. वरवर सोप्या वाटणाऱ्या या व्याख्येने न्यायालयांना बराच विचार करायला लावला आहे.

मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने १९८८ मध्ये पांडुरंग चिमाजी आगळे यांच्या प्रकरणात या शब्दांचा विस्तृत अर्थ लावला. प्रश्न होता अपघाताच्या विम्याचा. खासगी मालकीची जागा असली, तरी लोकांना तेथे प्रवेश असेल, मग तो मुक्त असो वा कोणत्याही प्रकारे नियंत्रित असो, तर ती विम्याच्या संदर्भात सार्वजनिक जागाच होय, असे पूर्णपीठाने ठरविले. अपघातग्रस्ताला केवळ कुंपणाच्या आत अपघात झाला म्हणून भरपाई नाकारली जाऊ नये, हा त्यामागील विचार होता.

याच्या दुसऱ्या टोकाला सर्वोच्च न्यायालयाचा ऑगस्ट २०२५ मधील निकाल आहे. विशाखापट्टणम येथील पोलाद प्रकल्पाच्या भिंतींनी बंदिस्त आवारातच धावणाऱ्या गाड्यांवर वाहन कर लागू होतो काय, असा तो वाद होता. त्या आवारात येण्याचा जनतेला हक्क नाही, म्हणून ते सार्वजनिक ठिकाण नव्हे आणि त्या काळापुरता करही लागू नाही, असे न्यायालयाने सांगितले.

दोन्ही निकाल टोइंगविषयीचे नाहीत. तथापि, त्यांच्यामधून एक व्यवहार्य पट्टी हाती लागते. मॉल, चित्रपटगृह, मोठे इस्पितळ, पेट्रोल पंप यांसारख्या, कुणीही येऊ-जाऊ शकेल अशा ठिकाणी कायद्याचा हात पोहोचतो, असा युक्तिवाद बळकटपणे करता येतो. उलट, फाटक, वॉचमन, नोंदवही आणि स्टिकर यांच्या बंदोबस्तात असलेले सोसायटीचे आवार जितके अधिक 'बंद', तितका तेथे कलम १२७ चा आधार दुबळा. सोसायटीने आपली सुरक्षा जितकी चोख ठेवावी, तितके तिचे आवार वाहतूक पोलिसांच्या टप्प्याबाहेर जावे, असा हा विचित्र तिढा आहे. वाहतूक पोलीस आत यायला का कचरतात, याचे उत्तर बहुतांशी येथे आहे. प्रत्येक वेळी ती टाळाटाळच असते असे नाही.

स्वतःच्या हाताने न्याय महागात पडतो

पोलीस येत नाहीत म्हटल्यावर सोसायट्या स्वतःचे मार्ग शोधतात. कुणी बाजारातून जॅमर विकत आणतो, कुणी चाकाची हवा सोडतो, कुणी काचेवर निघता निघणार नाही असा कागद चिकटवतो, तर कुणी खासगी क्रेनवाल्याला बोलावून गाडी रस्त्यावर सोडून देतो. रहिवाशांच्या दृष्टीने हा न्याय. भारतीय न्याय संहितेच्या दृष्टीने मात्र चित्र वेगळे असू शकते. १ जुलै २०२४ पासून ही संहिता जुन्या दंड संहितेच्या जागी आली असली, तरी या बाबतींतील मूळ तत्त्वे तीच आहेत.

एखाद्याच्या मालमत्तेची नासधूस करणे किंवा तिचे मोल वा उपयुक्तता घटेल असे काही जाणूनबुजून करणे, याला कायद्याच्या मराठीत 'आगळीक' म्हणतात. कलम ३२४ नुसार तिची शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद वा दंड इतकी आहे. नुकसान २० हजार रुपयांच्या पुढे गेले की शिक्षा दोन वर्षांपर्यंत जाते. आजच्या गाडीचा एक बंपर किंवा गिअरबॉक्स हा आकडा सहज ओलांडतो. ऑटोमॅटिक गिअरच्या किंवा विजेवर चालणाऱ्या गाडीची चालक चाके जमिनीवर ठेवून ती ओढली, तर आतील यंत्रणा कायमची बिघडू शकते. अशा गाड्या सपाट पाट्याच्या वाहनावर चढवूनच न्याव्या लागतात. हाताला येईल त्या क्रेनवाल्याला हे ठाऊक असतेच असे नाही, आणि नुकसानभरपाईचा दावा येतो तो त्याला बोलावणाऱ्यावर.

जॅमर लावून किंवा फाटक बंद करून गाडीमालकालाच बाहेर पडू दिले नाही, तर 'गैरनिरोधा'चा, म्हणजे माणसाला ज्या दिशेने जाण्याचा हक्क आहे त्या दिशेने जाऊ न दिल्याचा, आरोप होण्याची शक्यता असते. कलम १२६ मध्ये त्यासाठी एक महिन्यापर्यंत साधी कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड आहे. आपल्या खासगी वाटेवर अडथळा आणण्याचा आपल्याला कायदेशीर हक्क आहे अशी प्रामाणिक समजूत असेल, तर त्या कलमात अपवादाची सोय आहे. परंतु तो अपवाद सिद्ध करण्यासाठी वकील, तारखा आणि वर्षे खर्ची पडतात. 'जॅमर काढायचा तर हजार रुपये टाका' असे म्हटले की प्रकरण आणखी वेगळ्या कलमांकडे वळते.

'माझ्या मालमत्तेचे रक्षण करण्याचा मला हक्क नाही काय?' हा प्रश्न नेहमी विचारला जातो. हक्क आहे. संहितेत खासगी संरक्षणाच्या हक्कावर स्वतंत्र कलमे आहेत. मात्र शासकीय यंत्रणेकडे धाव घेण्यास पुरेसा अवधी असेल तेथे हा हक्क उरत नाही, असे कलम ३७ बजावते. रात्रभर निवांत उभ्या असलेल्या गाडीपुढे अवधी नव्हता, असे सांगणे कठीणच.

मग आत गाडी लावणारा निर्दोष काय? तसेही नाही. कलम ३२९ मधील 'फौजदारीपात्र अतिक्रमणा'ला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड आहे. पण त्यासाठी गुन्हा करण्याचा, धाक दाखविण्याचा, अपमान करण्याचा किंवा त्रास देण्याचा उद्देश सिद्ध व्हावा लागतो. चुकून, घाईत किंवा बेफिकिरीने लावलेली गाडी त्यात बसत नाही. लेखी सांगूनही तीच गाडी पुन्हा पुन्हा तेथेच लागली, तर उद्देश दाखविणे सोपे होते. पाटी, नोंदवही आणि नोटीस यांचे मोल येथे कळते.

कोंडवाड्याचा धडा

या पेचाची गंमत अशी की, परक्याच्या जागेत घुसलेल्या दुसऱ्याच्या मालमत्तेचे काय करावे, हा प्रश्न आपल्या कायद्याला अपरिचित नाही. ब्रिटिश अमलात १८७१ साली झालेल्या गुरांच्या अतिक्रमणाविषयीच्या कायद्याने तो सोडवून ठेवला होता. परके गुरू शेतात शिरून पिकाची नासाडी करू लागले, तर जमीन कसणाऱ्याने ते पकडावे, चोवीस तासांच्या आत कोंडवाड्यात पोहोचवावे, आणि मालकाने ठरलेला दंड व चारापाण्याचा खर्च भरून ते सोडवून न्यावे, अशी ती पद्धत.

या जुन्या कायद्याने चार प्रश्नांची उत्तरे दिली होती. कुणी पकडावे, किती वेळात, कुठे ठेवावे आणि सोडवायला किती द्यावे. चारही उत्तरे आधीच ठरलेली असल्याने बांधावरच्या भांडणाला एक मर्यादा राहत असे. मोटारीच्या बाबतीत मात्र, रस्त्यावर या चारही प्रश्नांना उत्तर आहे, आणि फाटकाच्या आत एकालाही नाही.

परदेशांत हे प्रश्न दोन परस्परविरुद्ध मार्गांनी सोडविले गेले. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने जागामालकाला गाडी उचलण्याचा अधिकार दिला, परंतु अटींची तटबंदी करून. प्रत्येक प्रवेशद्वारावर किमान १७ बाय २२ इंचांची, एक इंचाहून लहान नसलेल्या अक्षरांची पाटी हवी. तीवर पोलिसांचा व टोइंग कंपनीचा दूरध्वनी क्रमांक हवा. पाटी नसेल तर गाडीवर नोटीस लावून ९६ तास थांबण्याचा पर्याय आहे. गाडी आवाराबाहेर नेण्यापूर्वी मालक आला, तर ती सोडावी लागते आणि नेहमीच्या दराच्या निम्म्याहून अधिक घेता येत नाही. अवाजवी दर लावणाऱ्यावर चौपट रकमेची जबाबदारी येते. शिवाय शहरांचे आपापले स्थानिक नियम असतात.

इंग्लंडने उलट दिशेचा प्रवास केला. पाटी वाचूनही गाडी लावणाऱ्याने जॅमरला जणू संमतीच दिली, असे तेथील अपील न्यायालयाने १९९० च्या दशकात मान्य केले होते. पुढे खासगी जॅमरवाल्यांच्या अवाच्या सवा वसुलीविरुद्ध ओरड वाढली आणि १ ऑक्टोबर २०१२ पासून इंग्लंड व वेल्समध्ये खासगी जागेत कायदेशीर अधिकाराविना जॅमर लावणे किंवा गाडी उचलणे हाच गुन्हा ठरला. त्याऐवजी जागामालकाला गाडीच्या नोंदणीकृत धारकाकडून ठरावीक आकार मागण्याचा मार्ग मिळाला.

एकाने परवानगी दिली आणि लगाम घातला, दुसऱ्याने बंदी घातली आणि पर्याय दिला. आपल्याकडे परवानगीही नाही, पर्यायही नाही. भांडण तेवढे आहे.

जागा 'माझी' म्हणजे कुणाची?

गाडी लावण्याच्या जागेविषयी बोलताना आपण 'माझी जागा' असे सहज म्हणतो. कायद्याला हे तितके मान्य नाही. दहिसरच्या पांचाली सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ३१ ऑगस्ट २०१० रोजी निकाल दिला, की इमारतीखालच्या खांबांमधील, म्हणजे स्टिल्टखालील, जागा हे 'गॅरेज' नव्हे. ती सामाईक जागेचा भाग असून बिल्डर ती स्वतंत्रपणे विकू शकत नाही. पुढे २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याने उघडे वाहनतळ सामाईक क्षेत्रात धरले, तर छप्पर आणि तीन बाजूंनी भिंती असलेल्या जागेला गॅरेज म्हटले. एप्रिल २०२४ मध्ये महारेराने विकासकांना आच्छादित वाहनतळाची लांबी, रुंदी, उंची आणि स्थान यांचा तपशील विक्री कराराला जोडणे बंधनकारक केले.

याचा प्रस्तुत विषयाशी संबंध असा : बहुसंख्य जुन्या सोसायट्यांत सभासदाला जागेची मालकी नसते, वापराचा हक्क असतो. जागा संस्थेची असते. म्हणून परक्या गाडीविरुद्ध तक्रार करणारा, नोटीस देणारा आणि वेळ पडल्यास न्यायालयात जाणारा पक्ष मुख्यतः संस्था हाच असावा लागतो. 'तुमचे तुम्ही बघा' असे म्हणून समितीला हात झटकता येत नाहीत.

परका कमी, शेजारीच अधिक

प्रत्यक्षात तंटे बाहेरच्या गाड्यांपेक्षा आतल्याच गाड्यांवरून अधिक रंगतात. घरात दुसरी गाडी आली, मुलाने तिसरी घेतली, जागा मात्र एकच. राज्याचे परिवहन मंत्री प्रताप सरनाईक यांनी मे २०२५ मध्ये वाहनतळाचा दाखला असल्याशिवाय नव्या गाडीची नोंदणी न करण्याचे सूतोवाच केले, ते याच ओढाताणीतून.

येथे संस्थेचे हात रिकामे नाहीत. शासनाच्या आदर्श उपविधींत वाहनतळावर स्वतंत्र प्रकरण आहे. जागांची आखणी करणे, पात्र सभासदांना त्या नेमून देणे, जागा अपुऱ्या असल्यास सोडत काढणे आणि सर्वसाधारण सभेने ठरविलेले शुल्क आकारणे, हे सारे त्यात येते. उपविधींचा भंग करणाऱ्या सभासदाला म्हणणे मांडण्याची संधी देऊन दंड करण्याची तरतूदही आहे. त्यांत जॅमरचा किंवा गाडी उचलण्याचा उल्लेख मात्र नाही. त्यामुळे सर्वसाधारण सभेने बहुमताने तसा ठराव केला, तरी कायद्याने न दिलेला अधिकार ठरावाने निर्माण होत नाही, हे समित्यांनी ध्यानी घ्यावे. ठरावाचे बळ आहे ते शिस्त, शुल्क आणि दंड यांपुरते.

दंड भरूनही सभासद ऐकत नसेल, तर महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ९१ खाली सहकार न्यायालयात वाद नेता येतो आणि तातडीचा मनाई हुकूम मागता येतो. सभासद नसलेल्या बाहेरच्या व्यक्तीविरुद्ध, उदाहरणार्थ आवारात रोज गाडी लावणाऱ्या शेजारच्या दुकानदाराविरुद्ध, दिवाणी न्यायालयाकडून निरंतर मनाई हुकूम मिळविण्याचा मार्ग आहे. हे मार्ग संथ आहेत, यात शंका नाही. पण एकदा हुकूम हाती आला, की त्याचा भंग करणाऱ्याला 'आपसांतले प्रकरण' ही ढाल वापरता येत नाही.

आगीचा बंब अडला तर?

प्रत्येक अडथळा सारखा नसतो. अग्निशमन दलाच्या गाडीसाठी मोकळ्या ठेवलेल्या वाटेवर उभी केलेली मोटार हा शेजाऱ्यांमधील रुसव्याफुगव्याचा विषय राहत नाही. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ ने इमारतीतील अग्निसुरक्षेची जबाबदारी मालक व भोगवटादार यांच्यावर टाकली आहे. आगप्रतिबंधक यंत्रणा सुस्थितीत असल्याचे परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र दर जानेवारी आणि जुलै महिन्यांत द्यावे लागते. त्याच कायद्यान्वये अग्निशमन अधिकारी इमारतीची तपासणी करून त्रुटी दूर करण्याची नोटीस देऊ शकतात. म्हणून या वाटेवर कायम गाड्या लागत असतील, तर तक्रार वाहतूक चौकीपेक्षा अग्निशमन दलाकडे करणे अधिक परिणामकारक ठरते. मात्र ही दुधारी तलवार आहे. नोटीस प्रथम येईल ती सोसायटीवरच.

महिनोन् महिने धूळ खात पडलेल्या बेवारस गाडीची बाबही निराळी. ती चोरीची किंवा गुन्ह्यात वापरलेली असू शकते. तिला हात न लावता स्थानिक पोलीस ठाण्याला लेखी कळवावे आणि पोच घ्यावी. मालकाचा शोध घेणे पोलिसांना वाहन क्रमांकावरून सहज शक्य असते. सामान्य नागरिकाला मोबाइल ॲपवर मालकाचे नाव दिसले, तरी ते अर्धवट झाकलेले असते.

आधीची तयारी हाच उपाय

एकूण पाहता, फाटकाच्या आतील गाडी तत्काळ उचलून नेणारा कोणताही हक्क आज उपलब्ध नाही. जे आहे ते टप्प्याटप्प्याने उभे करावे लागते, आणि त्यातील बरेचसे काम परकी गाडी येण्याच्या आधी करायचे असते. ज्या सोसायटीने जागांना क्रमांक दिले, सभासदांच्या गाड्यांना स्टिकर दिले, पाहुण्यांसाठी निदान दोन जागा राखल्या आणि प्रत्येक पाहुण्याचा दूरध्वनी क्रमांक फाटकावर लिहून घेण्याची सवय वॉचमनला लावली, तिचे बहुतेक तंटे एका फोनवर मिटतात. ज्या सोसायटीने हे केले नाही, तिला कायद्याची सारी कलमे मिळूनही त्या सकाळी उपयोग होत नाही.

राज्य शासनाने मनावर घेतले, तर उरलेली पोकळीही भरता येण्याजोगी आहे. संस्थेच्या लेखी विनंतीवरून, ठरावीक मुदतीची नोटीस लावून, पोलिसांच्या उपस्थितीत आणि निश्चित दराने खासगी आवारातील गाडी हलविता येईल, असा एखादा नियम करणे अशक्य कोटीतले नाही. मात्र तो करताना लगामही तितकाच घट्ट हवा. मालाडमध्ये नोव्हेंबर २०१७ मध्ये तान्ह्या बाळाला पाजत असलेल्या आईसह मोटार ओढून नेण्यात आली होती आणि पुण्याच्या नाना पेठेत ऑगस्ट २०२१ मध्ये दुचाकीस्वारासह दुचाकी उचलण्यात आली होती. मुंबईचे तत्कालीन पोलीस आयुक्त संजय पांडे यांनी मार्च २०२२ मध्ये टोइंग काही काळ थांबविण्याचा प्रयोग केला होता. गणवेशातील पोलिसांच्या देखरेखीखालीही हे घडत असेल, तर निर्बंधाविना खासगी क्रेनवाल्यांच्या हाती हा अधिकार गेल्यास काय होईल, याची कल्पना करता येते.

तोवर, त्या सकाळी आईला घेऊन खाली उतरलेल्या मुलाने काय करावे? आधी टॅक्सी बोलवावी आणि डायलिसिसची वेळ गाठावी. गाडीचे छायाचित्र वॉचमनला काढून ठेवायला सांगावे. संध्याकाळी परतल्यावर समितीच्या सचिवांकडे तोंडी नव्हे, लेखी तक्रार द्यावी. गुरांचा प्रश्न १८७१ साली सुटला. गाड्यांचा सुटेपर्यंत कागद हाच काय तो कोंडवाडा.

चौकट : परकी गाडी आवारात आढळल्यास

● प्रथम छायाचित्रे घ्या. वाहन क्रमांक, जागेचा क्रमांक, 'नो पार्किंग'ची पाटी आणि वेळ दिसेल असे पाहा.

● नोंदवही तपासा, सोसायटीच्या समूहात क्रमांक टाका, फाटकावरून घोषणा करा. बहुतेक गाड्या कुणाच्या तरी पाहुण्यांच्याच असतात.

● काचेवर सहज निघेल असा साधा कागद ठेवा. गोंदाने चिकटवू नका.

● रुग्ण, अग्निशमन वाट किंवा संशयास्पद गाडी असा प्रसंग असेल, तर ११२ क्रमांकावर कळवा आणि तातडीचे कारण स्पष्ट सांगा.

● गाडी फाटकासमोर रस्त्यावर असेल, तर वाहतूक पोलिसांकडे थेट तक्रार करा. तेथे ती उचलण्याचा त्यांना पूर्ण अधिकार आहे.

● हवा सोडणे, ओरखडे काढणे, जॅमर लावणे, खासगी क्रेन मागविणे टाळा. तक्रारदाराचा आरोपी व्हायला वेळ लागत नाही.

● तीच गाडी पुन्हा आली, तर संस्थेच्या शीर्षपत्रावर मालकाला नोटीस द्या, तिची प्रत पोलीस ठाण्यात देऊन पोच घ्या. पुढील प्रत्येक कारवाईचा पाया हाच कागद असतो.